बेरिल बर्टन

बेरिल बर्टन (माहेरचे आडनाव चार्नॉक, जन्म : १२ मे १९३७, लीड्स, यॉर्कशायर, इंग्लंड, मृत्यू : ५ मे १९९६) या ब्रिटिश हौशी सायकलपटू होत्या. महिलांच्या जागतिक सायकल अजिंक्यपद स्पर्धांत त्यांनी सात सुवर्णपदके मिळवली. त्यांपैकी पाच ट्रॅकवरील पाठलाग शर्यतीची, तर दोन रस्त्यावरील शर्यतीची होती. १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षे ब्रिटनमधील सर्वोत्तम अष्टपैलू महिला सायकलपटूचा किताब त्यांच्याकडे राहिला. देशांतर्गत राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांनी नव्वदहून अधिक वेळा जिंकली. १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी कापलेले २७७.२५ मैलांचे अंतर त्या वेळच्या पुरुषांच्या राष्ट्रीय विक्रमाहूनही अधिक होते. एखाद्या क्रीडाप्रकारात स्त्रीने त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर पुरुषांना मागे टाकून विक्रम करावा, ही घटना क्रीडेतिहासात फार विरळा आहे.

ही सर्व कारकीर्द त्यांनी एका लहान गावाच्या सायकल क्लबकडून खेळून घडवली. सायकल हा त्यांचा उपजीविकेचा व्यवसाय कधीच नव्हता. त्या शेतावर मजुरी करीत, घर सांभाळीत आणि उरलेल्या वेळात सराव करीत. व्यावसायिक होण्याची संधी चालून आली असतानाही त्यांनी ती नाकारली.

बालपण आणि आजार

बेरिल चार्नॉक यांचा जन्म लीड्स शहराच्या हॉल्टन या भागात झाला. लीड्स हे त्या काळी कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले औद्योगिक शहर होते. इंग्लंडमध्ये तेव्हा अकराव्या वर्षी मुलांची एक परीक्षा घेतली जाई आणि तिच्या निकालावरून पुढील शिक्षण कोणत्या प्रकारच्या शाळेत होणार हे ठरे. बेरिल या परीक्षेत अपयशी ठरल्या. ते अपयश त्यांनी फार मनाला लावून घेतले. त्यानंतर लवकरच त्या गंभीर आजारी पडल्या. संधिवाताचा ताप आणि त्याच्याबरोबर हातापायांच्या अनावर हालचाली घडवणारा मज्जासंस्थेचा विकार, असे त्या आजाराचे स्वरूप होते. नऊ महिने रुग्णालयात आणि त्यानंतर पंधरा महिने आरोग्यनिवासात त्यांना काढावे लागले. या आजाराचा परिणाम हृदयावर होत असल्याने श्रमाची कामे आणि खेळ टाळावेत, असा वैद्यकीय सल्ला त्यांना मिळाला होता.

शाळेतील शिक्षण अशा रीतीने खंडित झाल्यावर त्या किशोरवयातच लीड्समधील कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या. तेथेच त्यांची ओळख चार्ली बर्टन या तरुणाशी झाली. चार्ली सायकलवर कामाला येत आणि सुटीच्या दिवशी क्लबच्या मित्रांबरोबर दूरवर सायकलफेऱ्या करीत. बेरिलही त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या. १९५५ साली दोघांचा विवाह झाला आणि १९५६ साली त्यांना कन्या झाली. तिचे नाव डेनिस.

मोर्ले सायकल क्लब

लीड्सच्या नैर्ऋत्येला मोर्ले नावाचे गाव आहे. बर्टन दांपत्य तेथे स्थायिक झाले आणि बेरिल मोर्ले सायकल क्लबच्या सभासद झाल्या. इंग्लंडमधील असे क्लब म्हणजे गावातील हौशी मंडळींनी वर्गणीवर चालवलेल्या संस्था. कारखान्यातील कामगार, कारकून, दुकानदार, विद्यार्थी असे सर्व थरांतील लोक त्यांत असत. रविवारी एकत्र फेरी काढायची, वाटेत एखाद्या चहाच्या दुकानात थांबायचे, नवख्याला घोळक्यात सायकल कशी चालवावी हे शिकवायचे आणि शर्यतीच्या दिवशी आळीपाळीने वेळ नोंदवण्याचे, वळणावर उभे राहण्याचे वा चहा करण्याचे काम करायचे, असा त्यांचा रिवाज होता. शर्यतीत नाव देण्यासाठी क्लबचे सभासदत्व आवश्यक असे.

आरंभी बेरिल यांना या मंडळींच्या वेगाने जाणे जमत नसे. चढावर चार्ली त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना पुढे ढकलीत. पुढच्या वर्षी त्या बरोबरीने चालू लागल्या, आणि त्यानंतर मात्र चार्लींनाच त्यांना गाठणे कठीण झाले. १९५७ साली शंभर मैलांच्या राष्ट्रीय शर्यतीत रौप्यपदक मिळवून त्यांनी पहिले राष्ट्रीय पदक घेतले. मुलगी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. पुढच्याच वर्षी त्या पंचवीस मैलांच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेत्या ठरल्या.

पत्नीची गुणवत्ता ओळखून चार्लींनी स्वतःच्या शर्यती मागे ठेवल्या. सायकलीची देखभाल, चाकांची जुळणी, प्रवासाची व्यवस्था, शर्यतीत खाद्यपेये पुरवणे आणि मुलीला सांभाळणे ही सर्व कामे त्यांनी अंगावर घेतली. स्त्रीच्या खेळासाठी पतीने मागे उभे राहावे, ही गोष्ट १९५०च्या दशकात इंग्लंडमध्येही सर्रास आढळणारी नव्हती. बेरिल यांच्या यशातील चार्लींचा वाटा त्यांच्या सर्व चरित्रकारांनी मान्य केला आहे.

घड्याळाशी शर्यत

बेरिल यांच्या कारकीर्दीचे स्वरूप समजण्यासाठी ब्रिटनमधील सायकल शर्यतींची एक खास परंपरा लक्षात घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावर घोळक्याने होणाऱ्या शर्यतींमुळे घोडागाड्या बुजत, अपघात होत आणि पोलिसांकडे तक्रारी जात. संपूर्ण सायकलिंगवरच बंदी येईल या भीतीने ब्रिटनमधील राष्ट्रीय सायकल संघटनेने सार्वजनिक रस्त्यांवरील सामूहिक शर्यती बंद केल्या. तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी १८९५च्या सुमारास एक पर्यायी पद्धत रूढ केली. तिच्यात प्रत्येक स्पर्धकाला एकेका मिनिटाच्या अंतराने एकटे सोडले जाते आणि ठरलेले अंतर कापण्यास कोणाला किती वेळ लागला यावरून क्रमांक लावले जातात. हिलाच टाइम ट्रायल म्हणतात.

या शर्यती दीर्घकाळ लपूनछपून होत. स्पर्धक अंगभर काळे कपडे घालीत, मार्गांना सांकेतिक नावे दिली जात आणि रस्त्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, पहाटेच शर्यत उरकली जाई. सामूहिक शर्यती ब्रिटनमध्ये पुन्हा सुरू झाल्या त्या १९४२ साली पर्सी स्टॅलर्ड यांनी बंदी झुगारून लँगॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन ही शर्यत भरवल्यानंतर. तरीही सामान्य क्लबांचा मुख्य खेळ टाइम ट्रायल हाच राहिला.

या प्रकारात दुसऱ्या स्पर्धकाच्या मागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेण्यास मनाई असते. त्यामुळे डावपेचांना फारसा वाव राहत नाही. स्वतःची शक्ती सुरुवातीपासून अखेरपर्यंत नेमकी कशी वाटून वापरायची, यावरच सारे अवलंबून असते. बेरिल यांचा स्वभाव आणि शरीर या दोहोंना हा प्रकार अनुकूल ठरला. दीर्घकाळ एकाच लयीत, एकाच वेगाने सायकल चालवण्याचे त्यांचे सामर्थ्य असामान्य होते. स्त्रियांसाठी सर्वोत्तम अष्टपैलू हा वार्षिक किताब वेगवेगळ्या अंतरांच्या टाइम ट्रायलमधील सरासरी वेगावरून ठरे. १९५९ साली त्यांनी तो प्रथम मिळवला, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. १९८३ साली त्यांनी तो अखेरचा मिळवला, तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. मधल्या काळात एकदाही तो दुसरीकडे गेला नाही.

जागतिक अजिंक्यपदे

स्त्रियांच्या जागतिक सायकल अजिंक्यपद स्पर्धा १९५८ साली सुरू झाल्या. दुसऱ्याच वर्षी, १९५९ मध्ये, बेल्जियममधील लीज येथे बेरिल यांनी ३,००० मीटरच्या वैयक्तिक पाठलाग शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पाठलाग शर्यत ट्रॅकवर होते. दोन स्पर्धक ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात आणि जो अंतर आधी पूर्ण करील किंवा दुसऱ्याला गाठील तो विजयी होतो. याही शर्यतीत प्रत्येक जण एकटाच असतो. इंग्लंडच्या रस्त्यांवर पहाटेच्या वेळी मुरलेले कसब बेरिल यांना येथे उपयोगी पडले.

१९६० साली जागतिक स्पर्धा तेव्हाच्या पूर्व जर्मनीत झाली. बेरिल यांनी लाइपत्सिग येथे पाठलाग शर्यत आणि झाक्सनरिंग येथे रस्त्यावरील शर्यत अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. पाठलाग शर्यतीतील पुढील सुवर्णपदके त्यांनी १९६२, १९६३ आणि १९६६ साली मिळवली. १९६१, १९६४ आणि १९६८ साली याच प्रकारात त्या दुसऱ्या आल्या. नंतरच्या काळात त्यांना चार कांस्यपदकेही मिळाली आणि त्यांपैकी अखेरचे १९७३ सालचे होते. १९६०च्या दशकात बेल्जियमच्या इव्हॉन रेंडर्स या त्यांच्या सर्वांत तुल्यबळ प्रतिस्पर्धी होत्या. १९६१ साली पाठलाग आणि रस्त्यावरील शर्यत अशा दोन्ही प्रकारांत रेंडर्स पहिल्या आणि बेरिल दुसऱ्या आल्या.

रस्त्यावरील सामूहिक शर्यतीत बलवान स्पर्धकाच्या मागे राहून अखेरच्या काही मीटरमध्ये त्याला मागे टाकता येते. बेरिल अखेरच्या वेगवान धावेत फारशा तरबेज नव्हत्या. म्हणून त्या शक्यतो लवकरच सर्वांपासून निसटून एकट्या पुढे जाण्याचा प्रयत्न करीत. १९६७ साली नेदरलँड्समधील हेर्लेन येथे त्यांनी अशाच रीतीने एकटीने पुढे जाऊन रस्त्यावरील दुसरे जागतिक अजिंक्यपद मिळवले.

या यशामागे शासकीय पाठबळ किंवा मोठे प्रायोजक नव्हते. साम्यवादी देशांच्या अनेक प्रतिस्पर्धी शासनाच्या खर्चाने वर्षभर सराव करीत. बेरिल मात्र कामावर रजा काढून स्पर्धेला जात आणि परत येऊन पुन्हा कामावर रुजू होत. प्रवासाचा आणि साहित्याचा बराच भार घरच्या मिळकतीवर पडे.

रूबार्बचे मळे

मोर्ले, वेकफिल्ड आणि रॉथवेल यांच्या दरम्यानचा प्रदेश रूबार्ब या भाजीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे रेवंदचिनी या नावाने औषधी मूळ ओळखले जाते, त्याच कुळातील ही वनस्पती होय. तिचे आंबट, लालसर देठ शिजवून खातात. हिवाळ्यात तिचे वजनदार गड्डे शेतातून खणून काढून अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये ठेवतात. उजेड न मिळाल्याने देठ कोवळे राहतात आणि त्यांची तोडणीही मेणबत्तीच्या मंद प्रकाशात केली जाते.

मोर्ले सायकल क्लबचेच एक सभासद, निम कार्लाइन, यांचा रूबार्बचा मळा होता. कार्लाइन हे चोवीस तासांच्या शर्यतींचे राष्ट्रीय विजेते होते. बेरिल त्यांच्या मळ्यावर अनेक वर्षे मजुरीचे काम करीत. गोठलेल्या जमिनीतून गड्डे खणणे, ते उचलून नेणे, ओझी वाहणे अशी ही अंगमेहनतीची कामे होती. क्लबमधील मालक असल्याने सरावासाठी आणि स्पर्धांसाठी वेळ मिळणे सोपे जाई. मळ्यातील या श्रमांनी त्यांच्या पाठीला आणि पायांना बळकटी दिली, असे सायकलविषयक लेखनात वारंवार नमूद केले जाते. ज्या मुलीला श्रमाची कामे टाळण्यास सांगितले गेले होते, तिच्या आयुष्यात हे घडले.

दिवसभराचे काम संपल्यावर त्या सरावाला निघत. सुटीच्या दिवशीचा सराव अधिक लांबचा असे. जवळपासच्या शर्यतींना अनेकदा त्या सायकलवरच जात आणि शर्यत संपल्यावर सायकलवरच घरी परतत. विणकामाचीही त्यांना आवड होती.

व्यावसायिक होण्यास नकार

१९६०च्या सुमारास रॅले या सायकल बनवणाऱ्या प्रसिद्ध ब्रिटिश कंपनीने बेरिल यांना व्यावसायिक करार देऊ केला. अशा करारात खेळाडूने कंपनीच्या जाहिरातीसाठी शहरांमधील अंतरांचे विक्रम करावेत, अशी अपेक्षा असे. मळ्यावर राबणाऱ्या आणि लहान मूल असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. परंतु तत्कालीन नियमांनुसार एकदा पैसे स्वीकारले की खेळाडूचा हौशी दर्जा जाई. मग क्लबच्या शर्यती, राष्ट्रीय अजिंक्यपदे आणि स्त्रियांची जागतिक स्पर्धा या सर्वांची दारे बंद होत. पैसा आणि स्पर्धा यांपैकी एकाची निवड करणे भाग होते. बेरिल यांनी स्पर्धा निवडली.

१९६७ ची बारा तासांची शर्यत

हेर्लेनच्या विजयानंतर थोड्याच दिवसांनी, १७ सप्टेंबर १९६७ रोजी, यॉर्कशायरमध्ये ऑटले सायकल क्लबने बारा तासांची टाइम ट्रायल भरवली. या प्रकारात अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेली असते. बारा तासांत जो सर्वांत अधिक अंतर कापील तो विजयी. स्पर्धक ठरावीक मार्गांवर फेऱ्या घालतात. शेवटच्या टप्प्यात त्यांना एका लहान वर्तुळाकार मार्गावर आणले जाते आणि तेथे जागोजागी उभे असलेले वेळनोंदक प्रत्येकाचे अंतर बारकाईने मोजतात.

त्या दिवशी आधी पुरुष स्पर्धकांना सोडण्यात आले आणि त्यांच्यामागून स्त्रियांना. पुरुषांमध्ये माइक मॅकनमारा हे सर्वांत प्रबळ होते. स्वतःच्या सामर्थ्याने त्या दिवशी ते पुरुषांच्या राष्ट्रीय विक्रमाकडे वाटचाल करीत होते. तासांमागून तास बेरिल एकेका पुरुष स्पर्धकाला मागे टाकीत पुढे सरकल्या. अखेर त्यांच्यापुढे मॅकनमारा एकटेच उरले. शर्यतीच्या उत्तरार्धात त्यांनी मॅकनमारांनाही गाठले. त्या मॅकनमारांच्या नंतर निघाल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या बरोबरीला येणे याचा अर्थ त्यांना मागे टाकणे असाच होता.

येथे घडलेला एक प्रसंग ब्रिटिश सायकलविश्वात दंतकथेसारखा सांगितला जातो. एवढ्या गुणी प्रतिस्पर्ध्याला, तेही त्याच्या आयुष्यातील उत्तम कामगिरी चालू असताना, मुकाट्याने ओलांडून जाणे बेरिल यांना अवघड वाटले. त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाच्या रंगीत गोळ्यांपैकी एक काढून मॅकनमारांपुढे धरली. मॅकनमारांनी ती घेतली, आभार मानले आणि तोंडात टाकली. ज्येष्ठमधाच्या या गोळ्या ही यॉर्कशायरची खासियत आहे. या कृतीत कोणी चेष्टा पाहिली, कोणी दिलासा. शर्यतीच्या मध्यावर एका क्लबच्या खेळाडूने दुसऱ्या क्लबच्या खेळाडूला खाऊ द्यावा, ही त्या हौशी जगातील साधी रीत होती, असेही म्हणता येते.

बारा तासांच्या अखेरीस बेरिल यांचे अंतर २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर भरले. त्यांचा सरासरी वेग ताशी ३७ किलोमीटरहून अधिक होता. मॅकनमारांनी २७६.५२ मैल कापून पुरुषांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. मात्र तो बेरिल यांच्या अंतरापेक्षा सुमारे पाऊण मैलाने कमी होता. पुरुषांना बेरिल यांचे अंतर १९६९ साली ओलांडता आले. स्त्रियांमध्ये हा विक्रम २०१७ सालापर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे अबाधित राहिला. अॅलिस लेथब्रिज यांनी तो मोडला, तेव्हा दरम्यानच्या काळात सायकलींची घडण, चाके, पोशाख आणि प्रशिक्षणाचे शास्त्र पूर्णपणे बदललेले होते.

इतर विक्रम

१९६३ साली पंचवीस मैलांचे (सुमारे ४० किलोमीटर) अंतर एका तासाच्या आत कापणाऱ्या बेरिल या पहिल्या महिला ठरल्या. पन्नास मैल दोन तासांच्या आत आणि शंभर मैल चार तासांच्या आत पूर्ण करण्याचा पहिला मानही पुढे त्यांनाच मिळाला. १९६८ साली शंभर मैलांसाठी त्यांनी ३ तास ५५ मिनिटे ५ सेकंद अशी वेळ नोंदवली आणि हा विक्रम अठ्ठावीस वर्षे टिकला. १९७६ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पंचवीस मैलांसाठी ५३ मिनिटे २१ सेकंद आणि पन्नास मैलांसाठी १ तास ५१ मिनिटे ३० सेकंद अशा वेळा नोंदवल्या. सामान्यतः ज्या वयात खेळाडू निवृत्त झालेले असतात, त्या वयात त्या स्वतःचेच जुने विक्रम मोडीत होत्या.

१९६८ साली फ्रान्समधील ग्रां प्री दे नासिऑं या व्यावसायिक पुरुषांच्या नामांकित टाइम ट्रायलच्या मार्गावर त्यांना पुरुषांच्या आधी सायकल चालवण्याची परवानगी देण्यात आली. त्यांची वेळ स्पर्धेत धरली जाणार नव्हती. तरीही त्यांनी ताशी ४१ किलोमीटरहून अधिक सरासरी वेग राखला.

आई आणि मुलगी

डेनिस लहानपणापासून आईवडिलांबरोबर शर्यतींना जात असे. पुढे तीही सायकलपटू झाली. १९७२ साली जागतिक स्पर्धेसाठीच्या ब्रिटिश संघात आई आणि मुलगी दोघींची निवड झाली. १९७५ साली डेनिस यांनी जागतिक स्पर्धेच्या पाठलाग शर्यतीत कांस्यपदक मिळवले.

१९७६ सालच्या राष्ट्रीय रस्ता शर्यतीत मात्र एक कटू प्रसंग घडला. अखेरच्या टप्प्यात निवडक स्पर्धकांच्या तुकडीत मायलेकी दोघीही होत्या. अंतिम धावेत डेनिस यांनी आईला मागे टाकून अजिंक्यपद मिळवले. पारितोषिक वितरणाच्या वेळी बेरिल यांनी मुलीशी हस्तांदोलन करण्यास नकार दिला. तुकडीला पुढे नेण्याचे कष्ट मुलीने पुरेसे वाटून घेतले नाहीत आणि ताजेपणा राखून शेवटी विजय मिळवला, अशी त्यांची भावना होती. आपले ते वागणे खिलाडूपणाला धरून नव्हते, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मान्य केले आणि आपली बाजूही मांडली.

या प्रसंगाची चर्चा आजही होते. ज्या वृत्तीने बेरिल यांना पंचवीस वर्षे अजिंक्य ठेवले, तिचीच ही दुसरी बाजू होती. शर्यतीच्या दिवशी त्यांच्या दृष्टीने आप्त आणि परके असा भेद उरत नसे. हरण्याची त्यांना सवय नव्हती आणि ती लावून घेण्याची तयारीही नव्हती. तथापि मायलेकींचे नाते या घटनेने तुटले नाही. १९८२ साली दोघींनी मिळून दोन आसनांच्या टँडम सायकलवर दहा मैलांचा महिलांचा राष्ट्रीय विक्रम केला.

ऑलिंपिकपासून वंचित

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सायकल शर्यतीचा प्रथम समावेश झाला तो १९८४ सालच्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धेत, आणि तोही केवळ रस्त्यावरील शर्यतीचा. बेरिल तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि ब्रिटिश संघात त्यांचा समावेश झाला नाही. त्यांचा मुख्य प्रकार असलेली महिलांची पाठलाग शर्यत ऑलिंपिकमध्ये १९९२ साली आली. ज्या दशकात जगात त्यांच्या तोडीच्या स्पर्धक मोजक्याच होत्या, त्या दशकात त्यांच्यासाठी ऑलिंपिकची एकही शर्यत अस्तित्वात नव्हती. ब्रिटनबाहेर त्यांचे नाव त्यांच्या कर्तृत्वाच्या मानाने कमी परिचित राहिले, याचे हे एक मोठे कारण आहे.

मायदेशात त्यांचा गौरव झाला, पण तोही मर्यादित. १९६४ साली त्यांना एमबीई आणि १९६८ साली ओबीई हे राजकीय सन्मान मिळाले. १९६७ साली बीबीसीच्या वर्षातील सर्वोत्तम क्रीडाव्यक्तीसाठीच्या निवडीत मुष्टियोद्धे हेन्री कूपर पहिले, तर बेरिल दुसऱ्या आल्या. टाइम ट्रायलचे जनक बिडलेक यांच्या स्मरणार्थ दिले जाणारे पारितोषिक त्यांना १९५९, १९६० आणि १९६७ असे तीनदा मिळाले.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

कारकीर्दीच्या उत्तरार्धात बर्टन कुटुंब उत्तर यॉर्कशायरमधील हॅरोगेट परिसरात राहावयास गेले आणि बेरिल नेअर्सबरो सायकल क्लबकडूनही शर्यतींत उतरू लागल्या. १९८६ साली पर्सनल बेस्ट हे त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळेनाशी झाल्यावरही त्यांनी शर्यती सोडल्या नाहीत. अजिंक्यपदे हातची गेल्यावर मानाने निवृत्ती जाहीर करण्याचा मार्ग त्यांना खुला होता, पण तो त्यांनी पत्करला नाही. तरुण स्पर्धकांच्या यादीत खालच्या क्रमांकावर आपले नाव लागत असतानाही त्या पहाटे उठून प्रारंभरेषेवर उभ्या राहत. थांबणे त्यांना जमले नाही, आणि शरीराने दिलेल्या इशाऱ्यांकडेही त्यांनी फारसे लक्ष दिले नाही, असे त्यांच्या निकटवर्तीयांच्या आठवणींवरून दिसते.

५ मे १९९६ रोजी त्या सायकलवरून बाहेर पडल्या होत्या. येत्या एकोणसाठाव्या वाढदिवसाची निमंत्रणे परिचितांना पोहोचवण्याचे काम त्या करीत होत्या. वाटेतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा मृत्यू झाला. वाढदिवसाला अवघा एक आठवडा उरला होता. बालपणी ज्या हृदयाच्या काळजीने त्यांना खेळांपासून दूर राहण्यास सांगितले गेले होते, त्या हृदयाने चाळीस वर्षे सायकलीवर साथ देऊन अखेर सायकलीवरच विराम घेतला.

स्मृती

मोर्ले येथे त्यांच्या नावाने स्मृतिउद्यान उभारण्यात आले असून तेथे त्यांचे भित्तिचित्र आहे. हॅरोगेट आणि नेअर्सबरो यांना जोडणाऱ्या सायकलमार्गाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. २००९ साली ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेच्या गौरवदालनात त्यांचा समावेश झाला. अभिनेत्री आणि लेखिका मॅक्सिन पीक यांनी त्यांच्या जीवनावर बेरिल हे नाटक लिहिले. ते प्रथम २०१२ साली नभोनाट्य म्हणून प्रसारित झाले. २०१४ साली टूर द फ्रान्स या शर्यतीचा आरंभ लीड्स येथून झाला, त्या वर्षी ते लीड्समध्येच रंगमंचावर आले. या नाटकामुळे सायकलशी संबंध नसलेल्या नव्या पिढीलाही बेरिल यांची ओळख झाली.

ब्रिटनमध्ये आज सायकलपटूंना शासकीय निधी, प्रशिक्षक आणि वैज्ञानिक साहाय्य उपलब्ध आहे. ऑलिंपिकमध्येही स्त्री-पुरुषांच्या सायकल शर्यती आता समान संख्येने होतात. बेरिल बर्टन यांच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. गावचा क्लब, मळ्यावरची मजुरी, पतीची साथ आणि वेळनोंदकाचे घड्याळ एवढ्याच सामग्रीवर त्यांनी आपले कर्तृत्व उभे केले. त्यांच्या नावावरील बहुतेक विक्रम आता मोडले गेले असले, तरी एखाद्या हौशी खेळाडूने स्थानिक क्लबमध्ये राहून कोठवर मजल मारावी याचे परिमाण म्हणून ब्रिटिश सायकलपटू आजही त्यांचेच नाव घेतात.

प्रमुख कामगिरी

जागतिक पाठलाग शर्यत : सुवर्ण – १९५९, १९६०, १९६२, १९६३, १९६६, रौप्य – १९६१, १९६४, १९६८, कांस्य – १९६७, १९७०, १९७१, १९७३.
जागतिक रस्ता शर्यत : सुवर्ण – १९६०, १९६७, रौप्य – १९६१.
ब्रिटिश सर्वोत्तम अष्टपैलू महिला : १९५९ ते १९८३, सलग २५ वेळा.
बारा तासांची टाइम ट्रायल : २७७.२५ मैल (१९६७).
सन्मान : एमबीई (१९६४), ओबीई (१९६८), बिडलेक स्मृती पारितोषिक (१९५९, १९६०, १९६७).